धान्यगोदामावर यंत्राची नजर : विसंगती-देखरेखीशी जोडणी कशी करावी?

धान्याचा व्यापार हा मुख्यतः राखणीचा व्यापार आहे. सौदा घटकाभरात पुरा होतो. परंतु माल गोदामात आल्यापासून तो ग्राहकाच्या दारी पोचेपर्यंतचे दिवस व्यापाऱ्याच्या खऱ्या कसोटीचे असतात. ओल, उष्णता, कीड आणि उंदीर हे चार शत्रू रात्रंदिवस जागे असतात, आणि राखणदार मात्र माणूस असल्यामुळे त्याला झोप येते. ही उणीव भरून काढण्यासाठी अलीकडे जी यांत्रिक देखरेख सुरू झाली आहे, तिचे स्वरूप काय, तिच्याशी आपले गोदाम कमांड लाइनच्या मार्गाने कसे जोडावे, आणि तिच्यावर विसंबावे ते किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय नवा असला तरी तो समजण्यास फार मोठ्या विद्येची गरज नाही. ज्याला रोजमेळ लिहिता येतो, त्याला हेही येईल.

आमचे भेस्तान हे सुरतेच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन या स्थानकांच्या दरम्यान वसलेले आहे. उधना येथेच जळगावकडून येणारा लोहमार्ग मिळतो. त्यामुळे खानदेश आणि सुरत यांचे नाते जसे माणसांचे, तसेच ज्वारी, गहू व कडधान्यांचेही आहे. खानदेशाच्या कोरड्या हवेतून निघालेले धान्य सुरतेच्या दमट हवेत येऊन पडते. धान्य ही सजीव वस्तू आहे; ते हवेतील ओल शोषून घेते. सरकारी खरेदीत गव्हाची ओल शेकडा १२ पर्यंत असल्यास पुरा भाव मिळतो आणि १४ पर्यंत कपात करून माल स्वीकारला जातो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. १२ आणि १४ यांत दिसण्यात काहीच फरक नसतो. परंतु त्या दोन अंकांत थप्पी सुरक्षित राहणे आणि थप्पीला ऊब धरणे एवढे अंतर आहे.

पहिला प्रश्न असा, की विसंगती म्हणजे काय? केवळ आकडा मोठा असणे म्हणजे विसंगती नव्हे. सुरतकराला हे समजावण्यास उकाई धरणाचे उदाहरण पुरेसे आहे. या जलाशयाची पूर्ण पातळी ३४५ फूट आहे. परंतु पावसाळ्यात प्रत्येक तारखेस पाणी किती उंचीपर्यंत राहू द्यावे, याचे निरनिराळे प्रमाण ठरलेले असते. पावसाळा संपताना जी पातळी शुभवर्तमान ठरते, तीच पावसाळ्याच्या तोंडावर धोक्याची ठरते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा मोठा भाग बुडाला, तेव्हापासून पावसाळ्यात उकाईची पातळी आणि वरच्या बाजूस जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाचा विसर्ग वाचणे हा येथील घराघराचा नेम झाला आहे. आकडा काय आहे, यापेक्षा या वेळी तो किती असावयास हवा होता आणि प्रत्यक्षात किती आहे, या दोहोंमधील अंतर महत्त्वाचे. हे अंतर ओळखणे म्हणजेच विसंगती ओळखणे होय.

हेच गणित थप्पीला लावू. समजा, ७ क्रमांकाच्या थप्पीच्या पोटात तापमान मोजणारा सेन्सर बसविला आणि महिनाभराच्या पहाटेच्या नोंदींची सरासरी ३० अंश आली. रोजचा आकडा या सरासरीपासून साधारणतः ०.४ अंशाने इकडेतिकडे सरकतो; यास प्रमाण-विचलन म्हणतात. त्याची तिप्पट १.२ होते. म्हणजे ३१.२ अंशांच्या वर आकडा गेल्यास यंत्राने 'पाहा' असे सांगावे. ही तिपटीची मर्यादा वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञाने १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत मालाची प्रत राखण्यासाठी जी आलेख-पद्धती मांडली, तिच्यातून आलेली आहे. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते, आणि येथील कारखान्यांत या पद्धतीचा प्रसार होण्यास त्यामुळे चालना मिळाली.

परंतु तापमान एकटे पाहून भागत नाही. गोदामातील हवा दुपारी तापली, की तिचा सापेक्ष दमटपणा सहसा उतरतो. मात्र थप्पीच्या आत धान्य, बुरशी किंवा कीड जोमाने श्वसन करू लागली, म्हणजे उष्णता आणि ओल दोन्ही बरोबरच वाढू लागतात. अशा वेळी दोन्ही आकडे आपापल्या मर्यादेत असूनही त्यांची जोडी विपरीत असते. अशा जोडीचे सरासरीपासूनचे अंतर कसे मोजावे, हे महालनोबिस यांनी १९३६ साली दाखवून दिले; आज जगभर ते 'महालनोबिस अंतर' या नावाने ओळखले जाते आणि विसंगती शोधणाऱ्या अनेक यंत्रणांत वापरले जाते. ज्या विद्येचा पाया कलकत्त्यात घातला गेला, ती आपल्या गोदामात परकी मानण्याचे कारण नाही.

आता जोडणीकडे वळू. या व्यवस्थेत तीन घटक असतात. थप्पीतील सेन्सर हा पहिला. त्याच्याकडून आकडा घेणारा गोदामातील छोटा संगणक हा दुसरा. आणि इंटरनेटवरील देखरेख-केंद्र, जेथे आकडे साठवून तपासले जातात, ते तिसरे. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे निरोप नेण्याच्या रीतींपैकी एक प्रचलित रीत 'एमक्यूटीटी' या नावाची आहे. आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी ती १९९९ साली तेलवाहिन्यांवर उपग्रहाद्वारे देखरेख ठेवण्यासाठी घडविली. उपग्रहाचा मार्ग महाग असल्याने निरोप अत्यंत आटोपशीर ठेवणे भाग होते. म्हणूनच ती आपल्या गोदामातील मंद इंटरनेटवरही निभावते. तिच्यासाठी 'मॉस्किटो' या नावाचे साधन विनामूल्य मिळते. ते कमांड लाइनवर चालते.

कमांड लाइन म्हणजे काय? संगणकाच्या पडद्यावर चित्रांवर बोट ठेवण्याऐवजी एका ओळीत आज्ञा लिहून देण्याची जागा. विंडोजमध्ये तिला 'कमांड प्रॉम्प्ट' आणि इतरत्र 'टर्मिनल' म्हणतात. रंगीत पडदा सोपा असताना ही कोरडी रीत कशाला, असे कोणी विचारील. त्याला तीन उत्तरे आहेत. लिहिलेली आज्ञा वहीत उतरून ठेवता येते आणि दहा वर्षांनीही जशीच्या तशी देता येते. ती घड्याळावर लावून दर पंधरा मिनिटांनी आपोआप चालविता येते. आणि तिसरे, काही बिघडले तर कोणत्या टप्प्यावर बिघडले, हे ती शब्दांत सांगते. रंगीत पडद्यावर नुसता लाल ठिपका दिसतो, आणि मग बसवून देणाऱ्याची वाट पाहत बसावे लागते. ज्या मालकास आपल्या वहीतील नोंद स्वतः वाचता येत नाही, तो मुनिमाच्या स्वाधीन असतो. येथेही तसेच आहे.

प्रत्यक्ष जोडणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम, साधन त्याच्या मूळ कर्त्याच्या स्थळावरूनच उतरवून घ्यावे. कोणी मोबाइलवर पाठविलेली प्रत घेऊ नये. मग साधनाचे नाव लिहून पुढे दोन आडव्या रेघा व 'हेल्प' हा इंग्रजी शब्द लिहावा. साधन आपली आवृत्ती व वापराची रीत दाखविते. एवढे दिसले, की साधन नीट बसले असे समजावे.

दुसरे, देखरेख-केंद्रावर आपल्या गोदामाची नोंदणी करावी. तेथून चार गोष्टी मिळतात : केंद्राचा पत्ता, दाराचा क्रमांक, आपली गुप्त किल्ली आणि केंद्राची ओळख पटविणारे प्रमाणपत्र. एमक्यूटीटीसाठी १८८३ हा उघड्या मार्गाचा आणि ८८८३ हा कुलूपबंद मार्गाचा क्रमांक रूढ आहे. नेहमी ८८८३ वापरावा. उघड्या मार्गाने जाणारा आकडा म्हणजे न मिटलेले पत्र. कोणत्या गोदामात किती थप्प्या आहेत, हे वाटेत कोणीही वाचू शकेल.

तिसरे, किल्ली जपावी. हुंडीवरील सही ओळखूनच पेढी पैसे देत असे. येथे सहीच्या जागी किल्ली आहे. ती ज्याच्या हाती पडेल, तो आपल्या गोदामाच्या नावाने खोटे आकडे पाठवू शकतो. ती आज्ञेच्या ओळीत लिहू नये, कारण संगणक मागील आज्ञांची यादी राखून ठेवतो आणि शेजारी बसणाऱ्यास ती वाचता येते. मॉस्किटोस आपली नेहमीची पदे एका फाइलमधून वाचण्याची सोय आहे. किल्ली त्या फाइलमध्ये ठेवून ती फाइल फक्त आपल्यालाच वाचता येईल अशी करावी. प्रत्येक गोदामास वेगळी किल्ली घ्यावी. नोकर काम सोडून गेल्यास किल्ली बदलावी, जसे आपण कुलूप बदलतो.

चौथे, चाचणीचा निरोप पाठवावा. पाठविण्याच्या साधनाचे नाव 'मॉस्किटो पब' आणि ऐकण्याच्या साधनाचे 'मॉस्किटो सब'. आज्ञेत साधनाच्या नावापुढे एकेक आडवी रेघ व अक्षर देऊन पदे लिहितात : 'एच'पुढे केंद्राचा पत्ता, 'पी'पुढे दाराचा क्रमांक, 'टी'पुढे निरोपाचा विषय, 'एम'पुढे प्रत्यक्ष निरोप. दोन आडव्या रेघा देऊन 'सीएफाइल' लिहिले, की पुढे प्रमाणपत्राच्या फाइलचे नाव यावयाचे. येथे इंग्रजी लहान व मोठ्या अक्षरांचा भेद पाळावा लागतो. लहान 'पी' म्हणजे दाराचा क्रमांक आणि मोठा 'पी' म्हणजे परवलीचा शब्द. विषय पत्त्यासारखा उतरत्या क्रमाने, तिरप्या रेघा देऊन लिहावा : भेस्तान, मग गोदाम, मग थप्पी, मग तापमान. निरोपात आकड्याबरोबर वेळ व परिमाण असावे. आधी एका खिडकीत ऐकण्याचे साधन सुरू ठेवून दुसरीतून निरोप पाठवावा. तो समोर उमटला, की निरोप केंद्रापर्यंत जाऊन परत आला याची खात्री पटते.

पाचवे, निरोपाची प्रतवारी ठरवावी. शून्य प्रतीचा निरोप साध्या टपालासारखा, पोचला तर पोचला. पहिल्या प्रतीचा पोचपावतीसह, तो एकदा तरी पोचतोच, क्वचित दोनदाही. दुसऱ्या प्रतीचा नेमका एकदाच. तापमानाच्या नोंदीस पहिली प्रत पुरेशी आहे. एकच आकडा दोनदा आला तरी वेळेवरून तो ओळखता येतो.

जोडणी झाली नाही, तर गोंधळून न जाता साधन काय म्हणते ते वाचावे. पत्ता सापडत नाही असे म्हटले, तर बहुधा लिहिण्यात चूक आहे किंवा इंटरनेट बंद आहे. जोडणी नाकारली म्हटले, तर दाराचा क्रमांक चुकला असेल किंवा केंद्राची सेवा थांबली असेल. बराच वेळ वाट पाहून थांबले, तर वाटेत कोठे तरी अडसर आहे. अधिकार नाही म्हटले, तर किल्ली चुकीची किंवा रद्द झालेली. प्रमाणपत्राबद्दल तक्रार केली, तर आधी संगणकाचे घड्याळ पाहावे. काही छोट्या संगणकांत घड्याळाची बॅटरी नसते; वीज जाऊन आली की त्यांची तारीख मागे पडते आणि चालू मुदतीचे प्रमाणपत्रही त्यांना अजून लागू न झालेले वाटते.

येथवर सांगितले ते कौशल्याचे झाले. परंतु या सर्वांत ज्या एका गोष्टीवर व्यापाऱ्याचा माल वाचणे अथवा बुडणे अवलंबून आहे, ती निराळीच आहे. ती अशी, की यंत्राची शांतता आणि मालाची सुरक्षितता या दोन भिन्न गोष्टी आहेत. तार तुटली, वीज गेली, किल्लीची मुदत संपली, तर केंद्राकडे आकडेच जात नाहीत. आकडे नाहीत म्हणून विसंगती नाही. आणि विसंगती नाही म्हणून इशारा नाही. मालक समजतो, सर्व क्षेम आहे. राखणदार झोपला असता चोराची आरोळी ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून निरोप न येणे हीच पहिली विसंगती धरावी. साधन दर पंधरा मिनिटांनी निरोप देऊन बंद होत असेल, तर 'पाऊण तास नोंद आली नाही तर कळवा' असा नियम केंद्रावर घालावा. साधन सतत जोडलेले राहत असेल, तर एमक्यूटीटीमध्ये 'अंतिम निरोपा'ची सोय आहे. जोडणीच्या वेळीच तो केंद्राकडे ठेव म्हणून दिला जातो. पुढे जोडणी अकस्मात तुटली, तर केंद्र तो जाहीर करते. जणू निरोप्याने निघण्यापूर्वीच आपले मृत्युपत्र लिहून ठेवावे. याखेरीज महिन्यातून एकदा मुद्दाम एक तार काढून इशारा येतो की नाही, हे पाहावे. न तपासलेला इशारा हा नसलेल्या इशाऱ्यासारखाच आहे.

याच्या उलट दोष म्हणजे खोटे इशारे. तिपटीच्या मर्यादेबाहेर निर्दोष नोंदीही हजारात सुमारे तीन जातात. हे ऐकण्यास अल्प वाटते. परंतु ४० सेन्सरांनी दर पंधरा मिनिटांनी नोंद दिल्यास दिवसाला ३,८४० नोंदी होतात, आणि प्रत्येक नोंद स्वतंत्र मानली तर रोज सुमारे दहा खोटे इशारे पदरी पडतात. आठवड्याभरात माणूस कंटाळून ते बंद करून टाकतो. त्याऐवजी लागोपाठ तीन नोंदी मर्यादेबाहेर गेल्या तरच कळवावे, आणि शेजारच्या थप्प्याही तशाच तापल्या आहेत का, हे पाहावे, असे नियम घालावेत. सर्वच थप्प्या तापल्या, तर बाहेरचे ऊन कारण असेल. एकटी सातवी तापली, तर तिच्या पोटात काही तरी घडत आहे. तसेच नवा माल भरताना जुनी सरासरी टाकून द्यावी. आधीच ओला असलेला माल भरला, तर यंत्र त्या ओलीलाच नेहमीची स्थिती समजून बसते. म्हणून पोत्यात परखी खुपसून नमुना पाहण्याचे काम यंत्र आल्यानेही संपलेले नाही.

शेवटी, आपल्या समाजाच्या दृष्टीने या विषयाचे जे महत्त्व आहे, ते सांगितले पाहिजे. धान्यातील कीड साधारणतः २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढते, आणि सुरतेची हवा वर्षातील बहुतेक काळ तिला अनुकूल असते. एकदा सोंडे व टोके पसरले, म्हणजे व्यापाऱ्यापुढे विषारी वायूची धुरी देण्यावाचून सहसा मार्ग उरत नाही. ती धुरी माणसासही घातक असल्याने तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असते. आणि तिच्या योगे असंख्य त्रस जीवांचा नाश होतो, हे शल्य धान्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येक श्रावकाच्या मनात असतेच. पोटासाठी करावे लागते, असे म्हणून आपण ते दडपतो. परंतु आपल्या परंपरेने यतना शिकविली आहे. म्हणजे जीव उत्पन्न होऊन मारण्याची वेळ येण्यापूर्वीच सावध राहणे. ओल वाढू लागली हे पहिल्या दोन दिवसांत कळले, तर थप्पी फोडून हवा देता येते, माल उन्हात घालता येतो, चाळून वेगळा करता येतो, छपराची गळती बुजविता येते. तीच गोष्ट तीन आठवड्यांनी कळली, तर हातात विषच उरते. यंत्र अहिंसा पाळीत नाही. ते केवळ आपल्याला अहिंसा पाळण्यास पुरेसा वेळ मिळवून देते. त्या वेळेचा उपयोग करणे वा न करणे आपल्या हाती आहे.

खर्चाने दबून जाण्याचे कारण नाही. सर्व गोदाम एकदम जोडू नये. चातुर्मासापूर्वी एक थप्पी, एक सेन्सर व एक छोटा संगणक घेऊन आरंभ करावा. घरातील शिकलेल्या मुलामुलींना हाताशी घ्यावे. त्यांना कमांड येते आणि आपल्याला धान्य कळते, हा योग चांगला आहे. प्रत्येक आज्ञा, प्रत्येक इशारा आणि त्यावर काय केले, हे वहीत तारीखवार लिहावे. एका पावसाळ्याच्या अशा नोंदी चार बंधूंनी एकत्र आणून ताडून पाहिल्या, तर कोणता इशारा खरा आणि कोणता खोटा, याचे ज्ञान आपल्या सर्वांच्या मालकीचे होईल. आपल्या मंडळाने या कामी पुढाकार घ्यावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो. जय जिनेंद्र.